साष्टी, सालबाई आणि तहाबाहेरचे पक्ष

शीव हे आज मध्य रेल्वेवरचे एक स्थानक आणि वाहनांच्या गर्दीचा एक चौक म्हणून ओळखले जात असले, तरी शीव या मराठी शब्दाचा अर्थ गावाची किंवा मुलखाची हद्द असा आहे, आणि हे ठिकाण शंभराहून अधिक वर्षे खरोखरच दोन सत्तांमधली हद्द होते. मुंबई बेटावर स्थिरावलेल्या इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात शीवच्या टेकडीवर जो छोटा किल्ला उभारला, तो खाडीपलीकडच्या साष्टी बेटावर नजर ठेवण्यासाठी होता. साष्टी हे नाव षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचा समूह, या शब्दावरून आले असे मानले जाते. गोव्यातही त्याच नावाचा एक महाल आहे आणि दोन्ही साष्टी एकाच तहाच्या वाटाघाटीत समोरासमोर आल्याचे पुढे दिसेल. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड आणि उत्तरेला घोडबंदर व ठाण्यापर्यंतचा प्रदेश मिळून हे साष्टी बेट होते. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला; पण ज्या भूमीवर तो उभा आहे तिने १५३४ ते १७८२ या अडीचशे वर्षांत गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा चार सत्ता पाहिल्या, आणि यातील प्रत्येक सत्तांतर शेवटी कुठल्या ना कुठल्या तहाच्या कलमात नोंदले गेले.

काल शत्रू असलेले शेजारी आज मित्र कसे होतात आणि ती मैत्री कशामुळे टिकते किंवा मोडते, या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी उपनगरवासीयाला दूरदेशी जाण्याची गरज नाही, कारण त्याच्या पायाखालची जमीनच अशा मैत्रीची किंमत म्हणून पुनःपुन्हा चुकती केली गेली आहे. या विवेचनात तीन शब्द वारंवार येतील. तह म्हणजे युद्ध थांबवून कलमवार लिहून दिलेला करार. सलूख म्हणजे त्या करारानंतर दोन पक्षांमध्ये प्रत्यक्ष नांदणारा समेट, जो प्रत्येक तहानंतर येतोच असे नाही. आणि जामीन म्हणजे करार मोडला तर मोडणाऱ्याला जाब विचारण्याची जबाबदारी पत्करणारा तिसरा. तहांचा इतिहास बहुधा कोणी काय मिळवले या अंगाने सांगितला जातो. तहाच्या मसुद्यात ज्यांचे नाव आहे पण ज्यांची सही नाही अशा पक्षांचे काय झाले, या अंगाने तो पाहिला तर साष्टीचा इतिहास वेगळा आणि अधिक अस्वस्थ करणारा दिसतो.

पहिला तह २३ डिसेंबर १५३४ चा. गुजरातचा सुलतान बहादूरशाह आणि पोर्तुगीज हे त्याआधीची काही वर्षे उघड शत्रू होते. १५३१ मध्ये पोर्तुगिजांनी दीववर केलेला हल्ला फसला होता आणि त्यानंतर त्यांनी वसई व आसपासचा किनारा उद्ध्वस्त केला होता. पण मोगल बादशहा हुमायूनची स्वारी समोर दिसू लागताच सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या याच्याशी तह करून वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे त्याच्या स्वाधीन केली. हुमायून थोड्याच काळात गुजरातमधून परतला आणि ज्या भीतीपोटी मुलूख दिला ती भीती सरली. मुलूख मात्र परत आला नाही. बहादूरशाहाने पोर्तुगिजांशी पुन्हा बोलणी करण्याचा प्रयत्न केला, आणि १५३७ मध्ये दीवजवळच्या समुद्रात त्याच पोर्तुगिजांशी झालेल्या चकमकीत त्याचा अंत झाला. तिसऱ्याच्या भयाने जुळलेल्या मैत्रीचे आयुष्य त्या भयाइतकेच असते, पण तिच्यासाठी मोजलेली किंमत कायमची जाते, हे या बेटांच्या बाबतीत त्याच वेळी दिसून आले.

दुसरा करार युरोपात झाला. १६६१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाच्या तहात मुंबई आंदण म्हणून दिली गेली आणि त्याच्या बदल्यात डच शत्रूंपासून पोर्तुगिजांच्या हिंदुस्थानातील ठाण्यांचे रक्षण करण्याचे इंग्लंडने मान्य केले. लिस्बन आणि लंडन येथील लेखणीला मुंबई म्हणजे नेमकी कोणती भूमी हे ठाऊक नव्हते. इंग्रजांचे म्हणणे पडले की साष्टीही तिच्यात येते. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय मुंबईचे एकटे बेट द्यायलाही नाखूश होता. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुक याच्या ताब्यात मुंबई बेट आले आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड खंडावर राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिले. साष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. यातून दोन मित्रराष्ट्रांच्या वसाहतींमध्ये माहीम आणि ठाण्याच्या खाड्यांवरील जकातीवरून पिढ्यान्‌पिढ्या कुरबुर चालू राहिली, आणि साष्टी आपल्याला मिळायला हवी होती ही समजूत मुंबईच्या इंग्रजांच्या मनात घर करून राहिली. मसुद्यातील एक संदिग्ध शब्द किती काळ युद्धाचे बीज जपून ठेवू शकतो याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण या किनाऱ्यावर सापडणे कठीण आहे.

मराठ्यांची वसई मोहीम हा या कथेतील एकमेव भाग आहे ज्यात साष्टीतील आणि शेजारच्या मुलखातील रहिवाशांनी स्वतः पुढाकार घेतलेला दिसतो. पोर्तुगीज राजवटीतील धार्मिक जाचाला कंटाळलेल्या लोकांच्या वतीने अणजूरच्या नाईक घराण्याने, विशेषतः गंगाजी नाईक यांनी, पेशव्यांकडे दीर्घकाळ खटपट केली, वाटाडे आणि बातम्या पुरवल्या, आणि मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. पुढे चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली वेसावे, धारावी, तारापूर ही ठाणी पडली आणि मोठ्या प्राणहानीनंतर मे १७३९ मध्ये वसईने शरणागतीची बोलणी केली. या शरणागतीची कलमे लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत. इतकी माणसे गमावलेल्या विजेत्याने पराभूत फौजेला शस्त्रे आणि निशाणे घेऊन, बायकामुले व चीजवस्तूंसह सन्मानाने बाहेर पडू दिले. जे ख्रिस्ती रहिवासी मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक दिली. विजयाची खूण म्हणून वसईकडच्या चर्चमधील घंटा मराठे सरदारांनी नेल्या आणि त्या भीमाशंकराच्या व नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही टांगलेल्या आहेत, हे खरे. पण उपासनेचे कलमही केवळ कागदावर राहिले नाही. मराठीची आपली खास बोली बोलणारा, पुढे ईस्ट इंडियन या नावाने ओळखला जाऊ लागलेला उपनगरातील ख्रिस्ती समाज आपल्या गावठाणांसह या भूमीवर टिकला, याचे बरेचसे श्रेय त्या कलमाला द्यावे लागेल. अनुपस्थित आणि दुबळ्या पक्षासाठी लिहिलेले कलम सर्वांत जास्त काळ टिकले, ही गोष्ट तहांच्या अभ्यासकाने विसरू नये अशी आहे.

वसई पडताना मुंबईच्या इंग्रजांचे वर्तन मात्र पूर्णपणे हिशेबी होते. युद्ध चालू असताना त्यांनी पोर्तुगिजांना मोजकी मदत केली, मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून वांद्र्याचा किल्ला निकामी करण्याचा सल्ला दिला, आणि निकाल लागताच दोन माणसे दोन दिशांना पाठवली: कॅप्टन इंचबर्ड वसईस चिमाजी अप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डन सातारला शाहू छत्रपतींकडे. १७३९ च्या जुलै महिन्यात इंचबर्डने पेशव्यांशी तह करून मराठी मुलखात व्यापाराची मोकळीक मिळवली. पुढच्या वर्षी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातील तहात तोच इंचबर्ड मध्यस्थ होता. पोर्तुगिजांनी चौल आणि कोर्लई सोडावे आणि मराठ्यांनी गोव्याच्या साष्टीतून आपली फौज काढून घ्यावी असे त्यात ठरले. उत्तरेची साष्टी गेली ती गेलीच, दक्षिणेची साष्टी वाचवण्यासाठी चौल द्यावे लागले, आणि पोर्तुगिजांचा जुना मित्र हा व्यवहार जुळवून देणारा दलाल ठरला. मध्यस्थ आणि जामीन यांतला फरक येथे ध्यानात घेतला पाहिजे. मध्यस्थाचे काम सही झाली की संपते आणि बहुधा त्याचा फायदा तिथेच पदरात पडतो. जामिनाचे काम सहीनंतर सुरू होते.

शत्रूंच्या जागा बदलण्याचे आणखी एक उदाहरण १७५६ चे आहे, आणि योगायोगाने त्याच वर्षी युरोपातही आघाड्यांची मोठी उलथापालथ झाली. शतकानुशतके एकमेकांशी लढलेल्या फ्रान्स आणि ऑस्ट्रिया यांनी १ मे १७५६ रोजी व्हर्सायला मैत्रीचा तह केला, आणि युरोपीय राजकारणाची जुनी मांडणी मोडली. कोकणात त्याआधी तीन महिने, फेब्रुवारीत, पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर हल्ला केला. अॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह त्या मोहिमेत होते. पेशव्यांना बंडखोर वाटणारा सरदार नमवायचा होता आणि इंग्रजांना आपल्या जहाजांना सतावणारे आरमार नको होते. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. इंग्रजांनी किल्ला ताबडतोब परत न करता घासाघीस केली आणि तो देताना बाणकोट मिळवले. घरातला शत्रू बाहेरच्या मित्राच्या हाताने संपवला की बाहेरच्या मित्राला घरातली वाट कळते. या मोहिमेनंतर अठरा वर्षांनी इंग्रज जेव्हा खाडीमार्गे ठाण्यावर चालून आले, तेव्हा किनाऱ्यावरचे मराठ्यांचे आरमारी बळ पूर्वीइतके राहिले नव्हते. नानासाहेब पेशव्यांच्या या निर्णयाचे समर्थन अनेकांनी केले आहे. परंतु साष्टीच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्याला तो घातक वाटल्यावाचून राहत नाही.

मुंबईकर इंग्रजांना साष्टी आणि वसई का हवी होती, हे समजणे अवघड नाही. मुंबई बेटावर धान्य, सरपण, गुरेढोरे आणि गोड्या पाण्याची चणचण होती. साष्टी भातशेतीने समृद्ध होती आणि ठाण्याची खाडी ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात मुंबईचा श्वास होता. त्यामुळे १७६७ मध्ये थॉमस मॉस्टिन पुण्याला वकील म्हणून आला (वकील म्हणजे त्या काळच्या भाषेत एका दरबारातून दुसऱ्या दरबारात पाठवलेला प्रतिनिधी), तेव्हा त्याच्या मागण्यांत साष्टी व वसई ही नावे अग्रभागी होती. थोरल्या माधवरावांनी ती मागणी धुडकावली. पण नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव गेले, ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला, त्यांचे चुलते रघुनाथराव यांच्याविरुद्ध पुण्याच्या कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान उभारले, आणि गादीचा वाद इंग्रजांच्या पथ्यावर पडला. पोर्तुगीज गोव्याहून आरमार पाठवून साष्टी परत घेणार आहेत या वार्तेचे निमित्त करून डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला आणि साष्टी व्यापली. तह त्यानंतर झाला. मार्च १७७५ मधील सुरतेच्या तहात अडीच हजार फौजेच्या मदतीच्या बदल्यात रघुनाथरावांनी साष्टी व वसई इंग्रजांना दिली, म्हणजे जी जमीन इंग्रजांनी आधीच बळकावली होती तिचे दान त्यांनी केले, आणि ते दान करण्याचा अधिकार त्यांना होता की नाही हाच मुळात युद्धाचा विषय होता.

कोलकात्याच्या वरिष्ठ कौन्सिलला हा तह मान्य नव्हता. १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टने मुंबई व मद्रासच्या सरकारांवर युद्ध आणि तहाच्या बाबतीत कोलकात्याची देखरेख आणली होती, आणि त्या अधिकारात कर्नल अप्टन याला पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला गेला. त्यात सुरतेचा तह रद्द झाला, पण साष्टी इंग्रजांकडेच ठेवण्याची किंवा तिच्याऐवजी तीन लाखांचा मुलूख घेण्याची मुभा राखली गेली. साष्टी म्हणजे तीन लाखांची एक रक्कम, असा तिचा भाव या कलमात प्रथमच इतक्या उघडपणे बांधला गेला. अंधेरी, मालाड, भांडुप येथे भातशेती करणाऱ्या कुणब्यांचा किंवा वेसावे, मढ येथील कोळ्यांचा या आकड्याशी काय संबंध, हा प्रश्न पुणे, मुंबई आणि कोलकाता या तिन्ही ठिकाणी कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही.

त्यानंतरची वडगावची घटना महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. रघुनाथरावांना घेऊन बोरघाट चढून आलेली इंग्रज फौज तळेगावपाशी कोंडली गेली, आणि जानेवारी १७७९ मध्ये १७७३ नंतर मिळवलेला सारा मुलूख परत देण्याचे तिने मान्य केले. कागदावर साष्टी परत आली. मुंबई सरकारने लगेच असे जाहीर केले की आपल्या फौजेबरोबर असलेल्या समितीला तह करण्याचा अधिकारच नव्हता, आणि तह मोडीत निघाला. शरणागतीच्या ऐन क्षणी शत्रूकडून लिहून घेतलेला करार जर शत्रूच्या राजधानीला बांधून ठेवत नसेल, तर तो विजयाचा पुरावा असतो, तह नसतो. मराठ्यांचे सरदार महादजी शिंदे यांना हे वडगावला उमगले असावे, असे त्यांच्या पुढील वागणुकीवरून म्हणता येते.

वडगावनंतर पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांनी जी आघाडी उभारली ती अठराव्या शतकातील हिंदुस्थानातील मुत्सद्देगिरीचा सर्वांत धाडसी प्रयत्न होता. तिच्यात चार पक्ष होते: पुण्याचे पेशवे, हैदराबादचा निजाम, म्हैसूरचा हैदर अली आणि नागपूरचे मुधोजी भोसले. या चौघांमधले वैर ताजे होते. निजामाला मराठ्यांनी १७६० मध्ये उदगीरला आणि १७६३ मध्ये राक्षसभुवनला धूळ चारली होती. त्या दुसऱ्या लढाईपूर्वी निजामाने पुणे जाळले होते. हैदरवर माधवरावांनी तीन स्वाऱ्या केल्या होत्या आणि त्याच्याकडून खंडणी वसूल केली होती. मराठ्यांच्या घरच्या भांडणाचा फायदा घेऊन हैदरने कृष्णा आणि तुंगभद्रा यांमधला प्रदेश गिळला होता. नागपूरकर भोसले तर पेशव्यांविरुद्ध अनेकदा निजामाच्या बाजूला उभे राहिले होते. अशा चौघांना एका कटात आणण्यासाठी नानांनी जी किंमत दिली ती खरी होती. १७८० च्या आरंभी हैदरशी झालेल्या करारात त्याच्याकडून यायची खंडणी कमी केली गेली आणि कृष्णेपर्यंतचा त्याने व्यापलेला मुलूख त्याच्याकडे राहू दिला गेला, म्हणजे माधवरावांनी रक्त सांडून मिळवलेले बरेचसे सोडून दिले गेले. शत्रूला मित्र करायचे तर त्याच्या पदरात काही तरी ठोस पडले पाहिजे, ही जाण नानांजवळ होती.

योजना अशी होती की हैदरने मद्रासवर, निजामाने उत्तर सरकारांवर म्हणजे आंध्रच्या किनाऱ्यावरील जिल्ह्यांवर, भोसल्यांनी बंगालवर आणि पेशव्यांनी मुंबई व गुजरातकडे चालून जावे. हैदरने आपला शब्द पूर्णपणे पाळला. जुलै १७८० मध्ये तो कर्नाटकात उतरला आणि १० सप्टेंबरला पोल्लिलूर येथे त्याने कर्नल बेलीची संपूर्ण तुकडी नष्ट केली. इतर दोघांचे मन मात्र गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने वळवले. मद्रास सरकारने घेतलेले गुंटूर त्याने निजामाला परत दिले आणि निजाम स्वस्थ बसला. भोसल्यांची मोठी फौज ओरिसात येऊन थांबली होती, तिला पैसे देऊन शांत केले गेले. हेस्टिंग्जने आघाडीचा युद्धभूमीवर पराभव केला नाही. तिच्यातल्या प्रत्येकाचे गाऱ्हाणे त्याने वेगवेगळे विचारले, आणि ज्यांचे गाऱ्हाणे स्वस्तात मिटणारे होते त्यांना बाजूला काढले. चौघांना जोडणारी गोष्ट इंग्रजांविषयीचा राग एवढीच होती, आणि राग वाटून घेता येत असला तरी प्रत्येकाचा वाटा सारखा नसतो.

मराठे आपल्या आघाडीवर खंबीरपणे लढत होते, पण निकाल संमिश्र होता. फेब्रुवारी १७८० मध्ये जनरल गॉडर्डने अहमदाबाद घेतले, ऑगस्टमध्ये पॉपहॅमने ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, डिसेंबरात वसई पडली आणि तिच्या सुटकेसाठी झुंजणारे रामचंद्र गणेश मारले गेले. उलट एप्रिल १७८१ मध्ये बोरघाटाकडून पुण्यावर येऊ पाहणाऱ्या गॉडर्डला मोठे नुकसान सोसून माघार घ्यावी लागली. दोन्ही बाजू थकल्या होत्या. ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजींनी कर्नल म्यूरशी स्वतंत्र तहकुबी केली, म्हणजे लढाई तात्पुरती थांबवली, आणि १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई येथे त्यांनी डेव्हिड अँडरसनबरोबर सतरा कलमांचा तह ठरवला.

सालबाईच्या तहाने पुरंदरनंतर इंग्रजांनी जिंकलेला मुलूख, वसईसह, पेशव्यांना परत दिला. साष्टी आणि मुंबईजवळची घारापुरी, करंजा इत्यादी बेटे इंग्रजांकडे कायम झाली. शीवच्या पलीकडचा मुलूख आता हद्दीच्या अलीकडे आला. रघुनाथरावांना दरमहा पंचवीस हजारांचे वेतन ठरले आणि इंग्रजांनी त्यांचा पक्ष सोडला. पेशव्यांनी पोर्तुगिजांखेरीज इतर युरोपीयांना वखारी घालू देऊ नयेत असे ठरले. तहाचे पालन दोन्हीकडून होईल याची हमी महादजी शिंद्यांनी घेतली. एका पक्षाच्या सरदाराने दोन्ही पक्षांचा जामीन व्हावे ही विलक्षण रचना होती. महादजींना उत्तरेत, दिल्लीच्या राजकारणात, मोकळे हात हवे होते आणि त्यासाठी दक्षिणेत शांतता राहणे त्यांच्याच हिताचे होते. भडोच परगणा त्यांच्या पदरात पडला होता. आणि इंग्रजांना ते पुण्याच्या कारभाऱ्यांपेक्षा जवळचे वाटत होते. मोडतोडीत ज्याचे नुकसान सर्वाधिक, तो जामीन सर्वांत सच्चा असतो. सालबाईनंतर मराठे आणि इंग्रज यांच्यात वीस वर्षे युद्ध झाले नाही, आणि या दीर्घ शांततेचे मोठे कारण हा जामीन होता.

जामिनाचे हे महत्त्व पुढच्या काळानेही दाखवले आहे. पेरू आणि इक्वेडोर यांच्यातील १९४२ च्या रिओ करारात अर्जेंटिना, ब्राझील, चिली आणि अमेरिका हे चार हमीदार होते. त्यानंतरही सीमेवर पुन्हा पुन्हा चकमकी झाल्या, १९९५ मध्ये तर युद्धच पेटले, पण हमीदारांनी आपली जबाबदारी सोडली नाही आणि १९९८ मध्ये ब्राझीलच्या राजधानीत अंतिम समझोता झाला.

सालबाईच्या तहाचा दुसरा चेहरा मात्र काळोखा आहे. हैदर अली त्या वेळीही कर्नाटकात इंग्रजांशी लढत होता, आणि तो पेशव्यांशी केलेल्या कराराला जागून लढत होता. सालबाईच्या एका कलमात असे लिहिले गेले की हैदरने इंग्रज आणि अर्काटचा नवाब यांचा जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत परत करावा आणि पेशव्यांनी त्याला तसे करायला लावावे. ज्या मित्राने आघाडीचे ओझे एकट्याने वाहिले, त्याच्याविरुद्ध दडपण आणण्याची जबाबदारी त्याच्याच मित्रांवर टाकली गेली, आणि त्याला विचारलेही गेले नाही. नाना फडणवीसांना हे टोचत होते; त्यांनी तहावर शिक्का उठवायला महिनोन्‌महिने लावले. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर मरण पावला, त्याच महिन्यात नानांनी तह मान्य केला आणि २४ फेब्रुवारी १७८३ रोजी तहनाम्यांची अदलाबदल झाली. हा विलंब मुत्सद्देगिरीचा होता की संकोचाचा, याविषयी मतभेद होऊ शकतात. दोन्ही असावीत असे मानणे अधिक न्याय्य वाटते.

टिपू सुलतानाने ते कलम मानले नाही. त्याने एकट्याने लढून मार्च १७८४ मध्ये मंगळूरला इंग्रजांशी स्वतःचा तह केला, आणि पुण्याविषयीचा अविश्वास त्याच्या राजकारणात कायमचा रुतला. दोन वर्षांत मराठे व निजाम टिपूशी लढत होते. १७८७ मध्ये गजेंद्रगडच्या तहाने ते युद्ध थांबले. १७९० मध्ये मराठे, निजाम आणि इंग्रज यांनी मिळून टिपूविरुद्ध आघाडी केली, आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला त्याचे निम्मे राज्य वाटून घेतले. दहा वर्षांपूर्वी जे चौघे इंग्रजांविरुद्ध एकत्र आले होते, त्यांतले दोघे आता इंग्रजांच्या बाजूने तिसऱ्याचे राज्य कापत होते. वाटणी झाल्यावर उरलेल्या दोघांचे भांडण व्हायला वेळ लागला नाही. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, आणि गव्हर्नर जनरल शोअर तटस्थ राहिला. त्या तटस्थतेने दुखावलेला निजाम पुढे १७९८ मध्ये इंग्रजांच्या तैनाती फौजेखाली गेला. तैनाती फौज म्हणजे आपल्या खर्चाने आपल्या राज्यात ठेवलेले परके सैन्य, जे रक्षण करते आणि त्याबरोबर परराष्ट्रधोरणही ताब्यात घेते.

दोन जुने शत्रू एकत्र येताना तिसऱ्याला वगळतात तेव्हा काय होते, हे आपल्या काळात आफ्रिकेच्या शिंगाने दाखवले. इथिओपिया आणि इरिट्रिया यांनी जुलै २०१८ मध्ये वीस वर्षांचे वैर संपवले, जगाने आनंद व्यक्त केला, इथिओपियाचे पंतप्रधान अबिय अहमद यांना २०१९ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. पण त्या समेटात टिग्रे प्रांताच्या नेतृत्वाला स्थान नव्हते आणि नोव्हेंबर २०२० मध्ये टिग्रेत युद्ध पेटले, ज्यात इरिट्रियाचे सैन्य इथिओपियाच्या बाजूने उतरले. नोव्हेंबर २०२२ च्या प्रिटोरियाच्या समझोत्यात इथिओपिया आणि टिग्रे यांनी सही केली, तेव्हा बाहेर राहिला तो इरिट्रिया. सालबाईत जे घडले त्याची आठवण व्हावी इतके हे साम्य जवळचे आहे.

सालबाईचा जामीन १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला मरण पावला. नाना फडणवीस १३ मार्च १८०० रोजी गेले. टिपू त्याआधीच, मे १७९९ मध्ये, श्रीरंगपट्टणला पडला होता. करार मोडणाऱ्याला जाब विचारू शकणारा कोणी उरला नाही, आणि ज्याला मदतीसाठी हाक मारावी असा शेजारीही उरला नाही. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ दुसऱ्या बाजीरावांचा पराभव केला, तेव्हा बाजीरावांनी कोकणात उतरून वसई गाठली आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तैनाती फौजेचा तह स्वीकारला. चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या, सालबाईने परत मिळवून दिलेल्या वसईतच हा तह झाला.

साष्टीत त्या काळात एक वेगळेच काम चालू होते. ताबा निश्चित झाल्यामुळे मुंबई सरकारला आता खाडी ही संरक्षणाची रेषा म्हणून राखण्याची गरज नव्हती, आणि गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत शीव व कुर्ला यांच्यामध्ये दलदलीतून भराव घालून एक रस्ता बांधण्यात आला, जो १८०५ च्या सुमारास पुरा झाला. ज्या टेकडीवरून शत्रूच्या मुलखावर पहारा ठेवला जाई, तिच्या पायथ्याशीच हा रस्ता मुंबई बेटाला लागला. साष्टीतला तांदूळ आणि भाजीपाला त्या रस्त्याने मुंबईच्या बाजारात जाऊ लागला.